कोविसेल्फ : घरबसल्या चाचणी, पण कोणाच्या घरी?

पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोविसेल्फ’ या स्वतः करायच्या कोरोना चाचणी संचाला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, मे २०२१ मध्ये मान्यता दिली. घरी स्वतःच्या हाताने करता येईल अशी देशात मान्यता मिळालेली ही पहिली कोरोना चाचणी, आणि ती औषधाच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागली. नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्यात आमच्या घरी ती तिसऱ्या लाटेत वापरली गेली. त्याच सुमारास सातपुड्याच्या डोंगरातील धडगाव तालुक्यात शिक्षक असलेल्या माझ्या मेहुण्यांनीही काही संच मागवून ठेवले होते. एकच वस्तू दोन्ही ठिकाणी सारख्या उपयोगाची ठरत नाही, हे तेव्हा जाणवले. पुढे एखादी साथ आली तर असे संच पुन्हा बाजारात येतील, म्हणून हे परीक्षण उशिरा का होईना लिहून ठेवत आहे.

वस्तू म्हणून संचाला नाव ठेवायला फारशी जागा नाही. डबीत एक निर्जंतुक काडी, द्रावण आधीच भरलेली नळी, चाचणीची पट्टी, वापरानंतर सारे टाकून द्यायची पिशवी आणि माहितीपत्रक असते. रुग्णालयात नाकाच्या पार मागच्या भागापर्यंत जाणाऱ्या काडीचा धसका ज्यांनी घेतला आहे, त्यांना येथे दिलासा मिळतो. काडी दोन ते चार सेंटीमीटरच आत घालायची, दोन्ही नाकपुड्यांत पाच-पाच वेळा फिरवायची, मग नळीत घुसळून तेथेच मोडायची आणि पट्टीवर दोन थेंब टाकायचे. पंधरा मिनिटांत निकाल दिसतो. वीस मिनिटांनंतर दिसणारी रेघ मात्र ग्राह्य धरायची नाही. ‘सी’ अक्षरापुढे रेघ उमटली नाही तर चाचणीच बाद. दहावीतला मुलगा माहितीपत्रक वाचून हे सर्व विनासायास करू शकला, आणि आमच्या घरातील वयस्कर मंडळींचे नमुनेही त्यानेच घेतले.

किंमत २५० रुपये होती. मार्च २०२० मध्ये खासगी प्रयोगशाळांसाठी आरटीपीसीआर या प्रयोगशाळेत होणाऱ्या चाचणीचा कमाल दर ४५०० रुपये ठरवण्यात आला होता. महाराष्ट्र शासनाने तो टप्प्याटप्प्याने कमी केला आणि मार्च २०२१ अखेर संकलन केंद्रावर नमुना दिल्यास ५०० रुपये, तर घरी येऊन नमुना घेतल्यास ८०० रुपये अशी मर्यादा घातली. या आकड्यांशेजारी २५० रुपये स्वस्त वाटतात, आणि शहाद्याच्या नोकरदार घराला ते स्वस्तच होते. पण २०२१-२२ साली राज्यात रोजगार हमीची दिवसाची मजुरी २४८ रुपये होती. म्हणजे एका माणसाच्या एका चाचणीसाठी पूर्ण दिवसाची मजुरी मोजून वर दोन रुपये घालायचे. पाच माणसांच्या घरात एकाला ताप आला तर बाकीच्या चौघांची चाचणी करायची की आठवड्याचा किराणा भरायचा, हा प्रश्न त्या घरात पडणारच. सरकारी केंद्रावरील चाचणी मोफत होती हे खरे, पण तेथे जाण्यासाठी बुडणारा रोज कोणी भरून देत नव्हते.

साथीच्या सुरुवातीला प्रश्न पैशांचाही नव्हता, पात्रतेचा होता. परदेशातून आलेला आणि लक्षणे असलेला प्रवासी, किंवा बाधिताच्या निकट संपर्कातील व्यक्ती, असेच निकष असताना खानदेशातील खेड्यात तापाने फणफणलेल्या माणसाचा नमुना घेण्याचे कारणच कागदावर उरत नव्हते. नमुना घेतला तरी तो आधी पुण्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जायचा. पुढे धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रयोगशाळा सुरू झाली, तेव्हा जळगाव आणि नंदुरबारचे नमुने तेथे जाऊ लागले आणि काही काळ एकाच प्रयोगशाळेवर तीन जिल्ह्यांचा भार पडला. चिठ्ठी, रांग आणि नमुन्याचा प्रवास या तिन्ही गोष्टी कोविसेल्फने एका फटक्यात काढून टाकल्या, एवढे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

अडचण निकालाच्या अर्थात आहे, आणि खरेदी करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तिकडे लक्ष दिले असे माझे मत आहे. ही अँटिजेन चाचणी आहे. आरटीपीसीआरमध्ये विषाणूच्या जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती तयार करून मग तो शोधला जातो, त्यामुळे अल्प प्रमाणही सापडते. अँटिजेन चाचणी मात्र विषाणूचे प्रथिन नमुन्यात जसे असेल तसेच शोधते, म्हणून नाकात विषाणू भरपूर असतानाच ती नीट बोलते. प्रयोगशाळांबाहेर वापरण्यासाठी आयसीएमआरने जून २०२० मध्ये ज्या पहिल्या अँटिजेन संचाला परवानगी दिली, त्याच्या मूल्यमापनात बाधितांना बाधित म्हणून ओळखण्याचे प्रमाण ५०.६ ते ८४ टक्के आढळले होते, तर निरोगी माणसाला निरोगी ठरवण्याचे प्रमाण ९९.३ ते १०० टक्के होते. हे आकडे कोविसेल्फचे नव्हेत, पण या जातीच्या चाचणीचा स्वभाव त्यांतून कळतो. पॉझिटिव्ह आले तर ते खरे माना. निगेटिव्ह आले तर एवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

आयसीएमआरची तेव्हाची सूचनाही हेच सांगत होती. घरची चाचणी लक्षणे असलेल्यांनी आणि बाधितांच्या निकट संपर्कातील व्यक्तींनीच करावी, सरसकट करू नये. पॉझिटिव्ह आल्यास पुन्हा चाचणीची गरज नाही. लक्षणे असूनही निगेटिव्ह आल्यास तत्काळ आरटीपीसीआर करून घ्यावी आणि तिचा निकाल येईपर्यंत स्वतःला संशयित समजून वेगळे राहावे. म्हणजे ही चाचणी दुसऱ्या चाचणीच्या भरवशावर उभी आहे. शहाद्यात निगेटिव्ह निकाल पाहिल्यावर माझी पत्नी दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामीण रुग्णालयात जाऊन नमुना देऊन आली. मेहुण्यांच्या शेजारच्या पाड्यावर खोकणाऱ्या म्हाताऱ्या बाबांची पट्टी निगेटिव्ह आली, तेव्हा त्यांना घाट उतरवून खाली न्यायचे कोणी आणि कशाने, याचे उत्तर संचाच्या डबीत नव्हते. रस्ता नसलेल्या पाड्यावरून आजाऱ्याला झोळीत घालून आणावे लागते, नर्मदाकाठच्या गावांतून बोटीने यावे लागते. तेथे निगेटिव्ह पट्टी हा शेवटचा शब्द ठरतो, कारण त्यापुढे जाण्याची सोयच नाही. ज्याच्या जवळ चांगली चाचणी आधीच होती, त्यालाच ही जुजबी चाचणी पूर्ण उपयोगाची पडली.

दुसरी अट मोबाइलची. चाचणी करणाऱ्याने अ‍ॅप उतरवून घ्यावे, नोंदणी करावी आणि निकालाच्या पट्टीचे छायाचित्र त्याच मोबाइलवरून काढावे, म्हणजे माहिती आयसीएमआरच्या पोर्टलपर्यंत पोहोचेल, अशी योजना होती. योजनेचा हेतू योग्य आहे. रुग्णांची नोंद झाली नाही तर जिल्ह्यात साथ कोठे वाढते आहे हे प्रशासनाला कळणार कसे? पण सातपुड्यात रेंज शोधत टेकडीवर चढणाऱ्या माणसाकडून, आणि तेही अंगात ताप असताना, ही अपेक्षा करणे म्हणजे त्याला नोंदीतून वगळण्यासारखेच आहे. शहरातही अनेकांनी निकाल पाहिला आणि पट्टी कचऱ्यात टाकली, असे माझ्या परिचितांच्या बोलण्यातून दिसले. त्यांची नोंद आळसामुळे राहिली आणि पाड्यावरच्यांची साधन नसल्यामुळे, पण सरकारी आकड्यांत दोघेही सारखेच गैरहजर.

उन्हाळ्याविषयीही लिहायला हवे, कारण खानदेशाबाहेरच्या परीक्षणांत हा मुद्दा सहसा येत नाही. अशा बहुतेक अँटिजेन संचांवर २ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ठेवण्याची सूचना छापलेली असते. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि वीज गेली की दुकानातला पंखाही थांबतो. एका औषध दुकानात हे संच दर्शनी काचेच्या कपाटात, थेट उन्हात मांडलेले मी पाहिले. मी तेथून घेतले नाहीत. घेणाऱ्याने मुदत पाहावीच, शिवाय संच कोठे ठेवले होते तेही पाहावे.

ज्यांना चाचणी आजारासाठी नव्हे तर कागदासाठी हवी होती, त्यांना कोविसेल्फ मुळीच उपयोगाची नव्हती. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्याने गुजरातसह काही राज्यांतून येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा निगेटिव्ह अहवाल सक्तीचा केला. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे, तेथे सीमा म्हणजे फलाटावरची एक खूण. पण ऊसतोडीहून किंवा सुरतेच्या कामावरून परतणाऱ्या मजुराला ती खूण प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय ओलांडता येऊ नये, असा नियम झाला. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत लस न घेतलेल्या अनेक कामगारांना पंधरा दिवसांपुरता निगेटिव्ह अहवाल जवळ बाळगावा लागला. ठणठणीत माणसे कागदासाठी रांगेत आणि आजारी माणसे त्यांच्या मागे, हे दृश्य तेव्हा आमच्या तालुक्यातही दिसले. घरच्या पट्टीवर ना शिक्का ना सही, त्यामुळे ती रांग तिने कमी केली नाही.

ज्यांच्या गावात किंवा हाकेच्या अंतरावर आरटीपीसीआरची सोय आहे, घरात मोबाइल जाणणारे कोणी आहे आणि पॉझिटिव्ह आल्यास स्वतंत्र खोली देता येईल, त्यांनी असा संच घरात जरूर ठेवावा. अशा घरासाठी मी त्याला पाचपैकी चार गुण देईन. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील माणसाला तो विकत घ्यायला सांगण्यापेक्षा आशा सेविकेच्या पिशवीत मोफत देणे मला अधिक योग्य वाटते, आणि त्याच्या सोबतीला बॅटरीवर चालणारे, तासाभरात निकाल देणारे ट्रूनॅटसारखे यंत्र जवळच्या ग्रामीण रुग्णालयात हवे. पाड्यावर निगेटिव्ह आलेल्या तापाच्या रुग्णाचा दुसरा नमुना आशा सेविकेनेच खाली पाठवावा, रुग्णाला झोळीत घालून आणण्याची वेळ येऊ नये, आणि निकालाची नोंद अ‍ॅपवर झाली नाही तर उपकेंद्राच्या वहीत पेनाने करून चालावी.