ड्रोनचं ‘सरकारमान्य’ सर्टिफिकेट: सगळे नियम खरे सांगून घातलेला गंडा

मी लग्नाचं आणि बांधकाम प्रकल्पांचं शूटिंग करतो. हल्ली ड्रोन नसेल तर पार्टी सरळ दुसऱ्याकडे जाते, म्हणून ड्रोन घेतला आणि सर्टिफिकेटच्या मागे लागलो. ज्या संस्थेने पैसे घेतले तिचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण त्यांची पद्धत सांगतो, कारण ती फार सफाईदार आहे. त्यांनी मला एकही नियम खोटा सांगितला नाही. फक्त प्रत्येक नियम अर्धाच सांगितला.

फोनवरचा माणूस म्हणाला, “सर, लायसन्स प्रकारच सरकारने बंद केलाय. आता ट्रेनिंग देणारी संस्थाच सर्टिफिकेट देते.” मी नेटवर पाहिलं, तर बरोबर! २०२१ च्या ड्रोन नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, रिमोट पायलट लायसन्स गेलं आणि त्याच्या जागी रिमोट पायलट सर्टिफिकेट (आरपीसी) आलं. ते संस्थाच देते, पण डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, अधिकृत केलेली संस्था. प्रशिक्षण आणि परीक्षा झाल्यावर त्याची नोंद सरकारी पोर्टलवर होते. हा भाग त्याने गिळला. विचारलं तर म्हणे, अमुक अधिकृत केंद्राशी आमचं टाय-अप आहे. डीजीसीएच्या वेबसाइटवरच्या यादीत त्या केंद्राचं नाव खरोखर होतं. पुढे मी त्या केंद्राला फोन केला, तेव्हा त्यांनी या लोकांचं नावही ऐकलेलं नव्हतं.

मग दंडाची भीती. एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हेही खरंच. बावीस हजार भरले.

कोर्स शनिवार-रविवार, झूमवर. अडीचशे ग्रॅमपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, पंचवीसपर्यंत स्मॉल, अशा स्लाइड. ग्रीन झोन, यलो झोन, रेड झोनचे नकाशे. शेवटी परीक्षा: उत्तर चुकलं की पर्याय लाल व्हायचा, मग दुसरा दाबायचा, हिरवा होईपर्यंत. ड्रोन उडवणं सोडाच, सिम्युलेटरसुद्धा नाही. सर्टिफिकेट मात्र देखणं आलं. तिरंगी पट्टी, सोनेरी किनार, कोपऱ्यात क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की माझं नाव आणि शेजारी हिरवी टिकमार्क. ते पान सरकारचं नव्हतं, त्याच संस्थेच्या वेबसाइटचं होतं. वरचा पत्ता कोण वाचत बसतो?

ड्रोनच्या नोंदणीचे साडेतीन हजार वेगळे घेतले. यूआयएन, म्हणजे ड्रोनचा नोंदणी क्रमांक, काढायची सरकारी फी शंभर रुपये आहे. आणि तो क्रमांक ड्रोनच्या, त्याच्या फ्लाइट कंट्रोलरच्या आणि रिमोटच्या सीरियल नंबरशी जोडलेला असतो. यांनी मागितला काय, तर खोक्याचा फोटो! त्यावरून कुरिअरने एक चकचकीत स्टिकर पाठवलं.

बिंग फुटलं एका बिल्डरच्या साइटवर. त्यांच्या सेफ्टीवाल्याने सर्टिफिकेट क्रमांक आणि थर्ड पार्टी विम्याचे कागद मागितले, आमचा कागद बघितला आणि म्हणाला, “हे वर्कशॉपला हजर राहिल्याचं प्रमाणपत्र आहे.” बारीक अक्षरात खाली तेच लिहिलेलं होतं. पावतीवरही ‘ड्रोन अवेअरनेस वर्कशॉप’.

संस्थेला फोन केला, तर तोच माणूस, तोच मधाळ आवाज. “सर, तुमचा ड्रोन दोन किलोच्या आत आहे ना? मग तुम्हाला सर्टिफिकेट लागतच नाही!” म्हणजे पैसे घेताना एक लाखाचा दंड आणि परत मागितल्यावर सूट. पुन्हा अर्धाच नियम. मायक्रो ड्रोनला ती सूट बिगरव्यावसायिक वापरापुरती आहे. हौसेने उडवणाऱ्याला सर्टिफिकेट नको, पैसे घेऊन शूट करणाऱ्याला हवंच. मी काय काम करतो हे त्याला पहिल्या फोनपासून माहीत होतं.

त्यामुळे कोणी घरबसल्या, उडवून न बघता सर्टिफिकेट देतो म्हणाला तर तिथेच फोन ठेवा. डीजीसीएच्या यादीतलं केंद्र शोधा आणि यादीतल्याच नंबरवर स्वतः फोन करा, मधल्या माणसाने दिलेल्या नंबरवर नको. प्रवेशाला वय १८ ते ६५ आणि दहावी पास असावं लागतं. पावतीवर कोर्सचं नाव काय छापणार, ते पैसे भरण्याआधी लेखी घ्या.

तक्रार सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, केली, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही केली. सगळीकडे पहिला प्रश्न एकच: पैसे दिले, कोर्स झाला, कागद मिळाला, मग फसवणूक कसली? महत्त्वाचं बोलणं त्याने सगळं फोनवर केलं होतं. व्हॉट्सअ‍ॅप चाळता चाळता एकच मेसेज सापडला, पैसे भरायच्या आदल्या रात्रीचा: “डीजीसीए अप्रूव्ह्ड आरपीसी मिळेल सर, कमर्शियलला चालतं.” सध्या तक्रार त्या एका ओळीवर उभी आहे. संस्थेने अर्धे पैसे परत देण्याची तयारी दाखवली आहे, अट एवढीच की तक्रार मागे घ्यायची. मी घेतलेली नाही.