मुद्द्यांवरून गोष्ट की मुलांच्या तोंडची गोष्ट?

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी 16 आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याचा सराव, लागली की मराठीवाल्यांपुढे हा प्रश्न येतोच. लेखनात मागे पडलेल्या मुलांना गोष्ट लिहायला द्यायची ती फळ्यावर मुद्दे देऊन, की आधी त्यांना सांगायला लावून? मालवणकडच्या एका शाळेत आठवीच्या अशा मुलांबरोबर मी दोन्ही करून पाहिलं.

मुद्द्यांची सोय मोठी आहे. पाठाचं टाचण पटकन होतं, अख्खा वर्ग एका वेळी कामाला लागतो, पाठ निरीक्षणाला आलेल्या मार्गदर्शकांना तासाचा आराखडा स्पष्ट दिसतो. दहावीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, उपयोजित लेखनात कथालेखन असतं, तेव्हा सवयही होते. ज्यांना वाक्य जमतं त्यांच्यासाठी हे उत्तमच.

माझं मन मात्र एका गोष्टीमुळे उडालं. फळ्यावर ‘म्हातारा शेतकरी – चार मुलगे – आळशी – शेतात धन’ असं लिहिलं, की कच्ची मुलं मधल्या रेघा तेवढ्या गाळतात, ‘होता’, ‘होते’, ‘आणि मग’ जोडतात आणि वही पुढे करतात. खाली तात्पर्य पाठ केलेलं. शुद्धलेखनाची चूक जवळजवळ नाही, कारण अवघड शब्द सगळे फळ्यावरचेच. अशी वही तपासताना मुलाला जोडाक्षर अडतं, वाक्य अडतं की सांगण्यासारखंच काही सुचत नाही, यातलं काहीच कळत नाही. मग उद्याचा पाठ कशाच्या आधारावर ठरवायचा? मला तरी हे फार खटकलं.

दुसऱ्या पद्धतीत पाच-सहा मुलांचा गट घ्यायचा. एकानं सांगायचं, आपण त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहायचं. एरवी वही न उघडणारा एक मुलगा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला गेल्याचं सांगत होता. ‘माका एक बांगडो गावलो’ हे वाक्य फळ्यावर उमटलं तसा तो उठून जवळ आला, बोट ठेवून त्यानं ते वाचलं आणि म्हणाला, ‘सर, बारको होतो, ता पण लिवा.’ फळा पुसल्यावर त्यानं तेच वहीत स्वतः लिहिलं. ‘बांगडो’चा अनुस्वार राहिला, पण नेमकं काय शिकवायचं ते मला त्या वहीत दिसलं.

यात वेळ जातो, हे खरं. एका तासिकेत एकच गट होतो. बाकीच्यांना वाचनाचं काम लावून ठेवावं लागतं. गप्प बसणारी मुलं गटातही गप्पच बसतात, त्यांच्यासाठी चित्र हाताशी असलेलं बरं. मालवणीवर हरकत येऊ शकते. त्यासाठी मी फळ्याचे दोन भाग करायचो: डावीकडे मुलाचं वाक्य, उजवीकडे तेच शाळेच्या मराठीत, आणि उजवीकडचं मुलांनीच सुचवायचं. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही जिथे शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे, ते टाचणात नमूद करायला हरकत नाही.

विषय हंगामाकडे बघून निवडा. जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा मासेमारी बंद असते, 1 जून ते 31 जुलै. होड्या शाकारलेल्या, घरोघरी जाळी सांधणं चाललेलं. मुलांकडे सांगायला भरपूर असतं. पुढे गणपती, मग रापणी, दशावतार, शिमगा.

तुमचा वर्ग मोठा असेल आणि मार्गदर्शक काटेकोर असतील तर मुद्देच घ्यावे लागतील. तरी जमलं तर निदान पहिले काही आठवडे सांगण्याला द्या. नंतर मुद्दे देताना शेवटचे दोन देऊच नका. गोष्ट पुढे कुठे गेली ते मुलांना आपापल्या वाक्यांत लिहू द्या.