सफारी जिप्सीचं सीटकाम: नागपूरच्या एका वर्कशॉपचा आमचा अनुभव

ताडोब्याला मोहर्ली गेटवर आमची जिप्सी (मारुतीची उघडी जीप) चालते. गाडी दीर चालवतात. होमस्टे आणि गाडीचा हिशेब माझ्याकडे. गेल्या पावसाळ्यात कोअर (जंगलाचा आतला राखीव भाग) बंद झालं तशी गाडी नागपूरला हिंगणा एमआयडीसीजवळच्या एका शेडमध्ये सीटकामाला टाकली. आता मे संपत आला, सीझनभर गाडी भरून चालली, म्हणून खात्रीने लिहिते आहे.

जिप्सी कंपनीकडूनच 8 सीटची यायची. पुढे दोन, मागे समोरासमोरच्या बाकांवर सहा. पण त्या बाकांवर बसलेल्याला समोर फक्त दुसऱ्याचं तोंड दिसतं आणि गुडघ्याला गुडघा लागतो. मोठी माणसं नीट बसायची तर मागे दोघंच. सफारीत तर पुढे ड्रायव्हर आणि गाइड, मागे सहा पर्यटक असतात. म्हणून बाक काढून पुढे तोंड असलेल्या तीन-तीनच्या दोन रांगा बसवतात, मागची रांग उंच. 2019 पासून नवी जिप्सी शोरूममध्ये मिळत नाही, त्यामुळे सगळं काम जुन्या गाड्यांवरच चालतं.

सीट ठोकून देणारे पुष्कळ आहेत. आमच्या गाडीत आधीच्या गॅरेजने चौकोनी पाइपची चौकट फ्लोअरच्या पत्र्यावरच वेल्डिंग करून दिली होती. वेल्डिंगच्या कडेने पत्रा फाटला, लाल माती आत गेली, पावसात गंज धरला. सगळ्यात मागे बसलेले पाहुणे कमरेला हात लावूनच खाली उतरायचे. पैसे त्यांनीही पुढच्या रांगेइतकेच मोजलेले असतात, याचं मला फार वाईट वाटायचं.

या वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी मापाची टेप काढायच्या आधी गाडीखाली जाऊन पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बघितले. म्हणाले, "ताई, आठ जण तर बसतीलच, पण वजन कुठं येते ते आधी पाहू." हिशेब सोपा आहे. माणशी 70 किलो धरले तर आठ जणांचे 560 किलो, आणि रिकामी जिप्सी जेमतेम टनाच्या आसपास. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2375 मिलिमीटर, म्हणजे मागे जागा अशी नाहीच. शेवटची रांग मागच्या एक्सलच्या पलीकडे गेली की पुढची चाकं हलकी होतात आणि मागचे तिघं प्रत्येक खड्ड्यात उडतात. त्यांनी दोन्ही रांगा जितक्या पुढे घेता येतील तितक्या घेतल्या, शेवटच्या रांगेचं बसणं एक्सलच्या वर आणलं. त्यात मधल्या रांगेची पायाची जागा कमी झाली. उंच माणसाला ते जाणवतं, पण हा सौदा मला पटला.

चौकट नट-बोल्टने बसवली आहे. बोल्ट फ्लोअरमधून आरपार जातो आणि खालून जाड प्लेट आहे, म्हणजे भार एकट्या पत्र्यावर येत नाही. नटाखाली रबरी वॉशर घातलेत, त्यामुळे खडखड नाही. जंगलात गाडी थांबवून प्राण्यांचे इशाऱ्याचे कॉल ऐकताना ही शांतता किती मोलाची, ते गाइडला विचारा. पुढच्या सीटमागे धरायला आडवा पाइप आहे, त्यावर फोमची गुंडाळी. फोटोग्राफर मंडळी त्यावरच कॅमेरा टेकवायची बीनबॅग ठेवतात.

खरं काम पाट्यांचं. बहुतेक ठिकाणी एक जादा पाटा चढवून देतात. दिरांनाही तोच हवा होता. मिस्त्रींनी साफ नकार दिला. जादा पाट्याने मागची बाजू कडक होते आणि भरलेल्या गाडीतही धक्का थेट मणक्याला जातो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दबून सपाट झालेले पाटे बदलले, पाटे जोडणारे बुश आणि शॅकल नवे घातले, शॉकअप चारही नवे. यंदा मी स्वतः शेवटच्या रांगेत बसून पूर्ण फेरी केली आणि पाठ दुखली नाही.

कागदाच्या बाबतीत हे लोक कडक आहेत, आणि मला तेच सगळ्यात आवडलं. आरसीवर 8 तर गाडीतही 8. आमच्यासमोर एक जण जिम्नी घेऊन आला होता. ती कंपनीकडूनच 4 सीटची येते. त्याला मागे आणखी एक रांग हवी होती. त्याला परत पाठवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितलं. मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न वेगळाच. ज्याला जिम्नीपेक्षा जास्त माणसं न्यायची आहेत त्याने सात सीटची फोर-बाय-फोरच घ्यावी. फोर्सची पाच दारांची गुरखा कंपनीतूनच तशी येते.

उणिवाही सांगते. काळं रेक्झिन दिलं, चंद्रपूरच्या उन्हात दुपारच्या फेरीला त्यावर हात ठेववत नाही. आम्ही कॅनव्हासची खोळ शिवून घेतली. चढायचं पायदान उंच आहे, साठीच्या पुढच्या पाहुण्यांना हात द्यावा लागतो. आणि दिलेली तारीख पाळली नाही, 1 ऑक्टोबरला गेट उघडायच्या तोंडावर गाडी हातात आली.

खर्च सामानासकट लाखाच्या आत बसला. गाडी टाकायची तर जुलैच्या सुरुवातीलाच टाका आणि आरसी, फिटनेसच्या प्रती सोबत न्या. त्या बघितल्याशिवाय ते कामाला हात लावत नाहीत.