‘दादा, मिसिंग मारतेय गाडी’: ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मला ८,५०० रुपयांना कसं गंडवलं

आधीच सांगून टाकतो, माझी गाडी खरोखरच बिघडलेली होती. बाइकवरून शेजारी येऊन ‘ऑइल गळतंय’ म्हणून हातवारे करणाऱ्यांचे किस्से मुंबईत गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेत. मीही ऐकले होते. तसा कोणी आला असता तर मी काच खाली केली नसती. पण मला भेटलेल्या माणसाचं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं होतं.

गाडी म्हणजे बाबांची २००६ ची वॅगनआर. जुनी, उभ्या डब्यासारखी, १०६१ सीसीची. १५ वर्षं भरल्यावर फिटनेस करून, पर्यावरण कर भरून तिची मुदत वाढवून घेतली, कारण बाबा गेल्यावर ती विकायचं नाव काढलं की आई गप्प व्हायची. गेल्या जुलैत तिने खोड्या सुरू केल्या. पाऊस लागून राहिला की पुलाच्या चढावर झटके द्यायची. ॲक्सिलरेटर दाबावा तर पिकअप नाही, नुसती फट-फट. तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर यावं लागायचं. ऊन पडलं की परत शहाण्यासारखी चालायची, म्हणून मीही ‘बघू रविवारी’ करत राहिलो.

आईला डोळे तपासायला मुलुंडहून दादरला नेत होतो. विक्रोळीपर्यंत कुरकुरत आली आणि छेडानगरच्या पुलाच्या अलीकडे पार ढेपाळली. गाडी डावीकडे घेऊन उभी केली. दोन मिनिटांत मागे एक बाइक थांबली. रेनकोटातला पोरगा, तिशीचा असेल. ‘दादा, मघापासून तुमच्या मागेच आहे. मिसिंग मारतेय गाडी.’ मिसिंग म्हणजे इंजिनचा मधूनमधून ठोका चुकणं. मग आत वाकून, ‘काकू, तुम्ही उतरू नका, भिजाल.’ आईला तो तिथेच आवडला. त्याच्या ओळखीचा मेकॅनिक ‘इथेच जवळ’ होता आणि तो खरंच पाच मिनिटांत स्कूटरवरून पिशवी घेऊन हजर झाला.

बॉनेट उघडून त्याने मला आत बसवलं आणि म्हणाला, ‘रेस द्या.’ उघड्या बॉनेटमुळे मला पुढचं काही दिसत नव्हतं. आणि गाडी अशी थडथडायला लागली की आईने पुढचा डॅशबोर्ड धरला. इथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. तोवर उभ्या गाडीला कधीच त्रास नव्हता, तक्रार फक्त चढावर होती. पण पाऊस, मागून अंगावर येणारे ट्रक, आईची अपॉइंटमेंट. माझं लक्ष घड्याळाकडे.

‘साहेब, गाडीतला पेट्रोल पंप गेलाय. ई-२० आल्यापासून जुन्या गाड्यांचं हेच चाललंय, आठवड्याला चार-पाच करतो मी.’ हे फार हुशारीचं होतं. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल; त्याने जुन्या गाडीचं काय होणार याची चर्चा आमच्या सोसायटीच्या गेटवरही रोज चालायची. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले नसतात, हे खरंही आहे. माझ्या मनातल्या भीतीलाच त्याने बिल लावलं. १२,००० म्हणाला, ८,५०० वर आला. नवा खोका लांबून दाखवला, २५ मिनिटं बॉनेटखाली खाटखूट केली, ‘आता द्या रेस’. इंजिन लोण्यासारखं! जुना पंप त्याने फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. ‘घरी ठेवा, नाहीतर म्हणाल फसवलं.’ बिल मागितलं तर बुक गॅरेजमध्ये राहिलं होतं. यूपीआयवर नाव कुठल्याशा मोबाइल रिचार्जच्या दुकानाचं आलं. तेही मी बघितलं आणि सोडून दिलं.

तीन दिवसांनी पुन्हा पाऊस, पुन्हा चढ, पुन्हा फट-फट.

भांडुपला बाबांच्या वेळचा एक मेकॅनिक आहे, सगळे त्याला मामाच म्हणतात. त्याच्यापुढे फडकं सोडलं. मामाने पंप हातात घेऊन फिरवला, माझ्याकडे बघितलं, परत पंपाकडे बघितलं. ‘अरे, हा कार्बोरेटरवाल्या ८०० चा आहे. इंजिनला बाहेरून बसतो, दट्ट्यावर चालतो. तुझी इंजेक्शनची गाडी. तुझा पंप पेट्रोलच्या टाकीत असतो. बॉनेटखाली काय बदललं त्याने?’

मग त्याने मला मागच्या सीटवर बसवलं आणि इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन केली. खालून दोन सेकंद बारीक ‘हूंऽऽ’ आलं आणि थांबलं. तो पंपाचा आवाज. इतकी वर्षं ही गाडी चालवतोय, मी तो कधी ऐकलाच नव्हता. नुसत्या आवाजाने पंपाचा दाब पुरेसा आहे हे ठरत नाही, त्यासाठी गेज लावावा लागतो, असंही मामा म्हणाला. पण आवाज येतोय म्हणजे पंप निदान जिवंत आहे, एवढं तर रस्त्यावर उभ्या-उभ्याही कळलं असतं.

आणि ती थडथड? मामाने एका स्पार्क प्लगची (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या प्लगची) वायर काढली. तस्सं, अगदी तस्सं इंजिन थरथरायला लागलं. चारातला एक सिलिंडर बंद पडला की असंच होतं. परत लावली, लोणी. पुलावर मी बघितलेला चमत्कार एवढाच होता.

खरा दोष शोधायला मामा अंधार पडेपर्यंत थांबला. गॅरेजचा दिवा घालवला, इंजिन चालू ठेवलं आणि वायरींवर कपड्यांना इस्त्री करताना वापरतात त्या बाटलीने पाण्याचा फवारा मारला. लगेच एका वायरीवरून निळी ठिणगी उडाली, इंजिनच्या लोखंडावर. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने वायरीच्या रबराला चिरा गेल्या होत्या. ओल आली की वीज प्लगपर्यंत न जाता मधूनच पळत होती. चढावर इंजिनवर जोर आला की जास्तच. (हा प्रयोग घरी करायचा नाही. चालू इंजिनच्या प्लग वायरीला हात लावला तर जबर झटका बसतो.) वायरींचा सेट, चार प्लग आणि मजुरी मिळून १,८५० रुपये. फिल्टर त्याने तपासले, ठीक होते, म्हणून बदलले नाहीत.

त्या रात्री मामाकडून थोडं शिकून आलो. मिसिंग म्हणजे ठेक्यात बसणारे हिसके; ते ओल्या हवेत वाढले तर आधी वायरी, कॉइल, प्लग बघायचे. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी सहसा हिसके देण्याआधी दमते, उभी असताना बरी आणि दाबली की मरगळते. तेव्हा फिल्टर आणि पंप. आणि मिसिंग मारत असताना गाडी तशीच रेटायची नाही, कारण न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) तापवून खराब करतं. मी महिनाभर रेटली होती. मामाने त्यावर काही बोलणं टाळलं, ते जास्त लागलं.

पोलिसांत जाऊन आलो. फसवणुकीचं कलम आता ४२० राहिलेलं नाही, भारतीय न्याय संहितेत ते ३१८ आहे, एवढी माहिती तिथे मिळाली. माझ्याकडे त्यांच्या बाइकचा-स्कूटरचा नंबर नाही, बिल नाही, यूपीआयचा स्क्रीनशॉट तेवढा होता, तो दिला. बघू.

आईला अजूनही वाटतं की तो पोरगा चांगला होता, मेकॅनिकने त्यालाही फसवलं असेल.

पंपाचे फोटो काढून ठेवलेत. पंप मात्र आता माझ्याकडे नाही. मामाने तो पुसून, दट्ट्या दाबून बघितला आणि म्हणाला, ‘चालू आहे की रे हा! ८०० वाला एक गिऱ्हाईक महिनाभर मागे लागलाय.’ त्याचे त्याने २०० रुपये वळते केले. ८,५०० मधले तेवढेच परत आले.