लँकेस्टर काउंटी पाहायची तर आधी सेंट्रल मार्केट

फिलाडेल्फियाहून अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातली लँकेस्टर काउंटी (जिल्हा) पाहायला येणारी बहुतेक मंडळी यूएस ३० या महामार्गावरच अडकून पडतात. लँकेस्टर शहराच्या पूर्वेला या रस्त्याच्या दुतर्फा आउटलेट मॉल, मोटेल आणि बुफे यांची अशी दाटी आहे, की त्यापलीकडे काही पाहण्यासारखे असेल असे वाटतच नाही. माझे स्पष्ट मत असे, की ही काउंटी समजून घ्यायची असेल तर थेट शहरातील पेन स्क्वेअर हा चौक गाठावा आणि पहिली सकाळ तेथील सेंट्रल मार्केटला द्यावी.

१७३० मध्ये शहराची आखणी झाली तेव्हाच बाजारासाठी जागा राखून ठेवण्यात आली होती आणि १७४२ मध्ये ब्रिटनचा राजा दुसरा जॉर्ज याच्या सनदेने बाजार भरवण्याचा हक्क पक्का झाला. आजची लाल विटांची इमारत १८८९ सालची आहे. रोमनेस्क शैलीतील कमानी, तपकिरी दगडाची सजावट आणि दर्शनी बाजूचे दोन मनोरे रस्त्यावरूनच नजरेत भरतात. जुन्या वास्तूंचे बहुधा संग्रहालय तरी होते किंवा महागडे हॉटेल तरी. येथे मात्र ज्या कामासाठी भिंती उभारल्या तेच काम आजही चालू आहे आणि मला या वास्तूचे खरे मोल त्यातच वाटते.

आत उंच छपराखाली गाळ्यांच्या रांगा आहेत आणि परिसरातील शेतमाल, पाव, चीज, लोणची व फुले असे सारे तेथे मिळते. हॉर्सरॅडिश या झणझणीत वनस्पतीची मुळे समोरच किसली जात असतात. जवळून गेले तरी नाकाला झिणझिण्या येतात. शूफ्लाय पाय हा भट्टीत भाजलेला गोड पदार्थ अवश्य घ्यावा. आपल्या काकवीच्या जवळ जाणाऱ्या मोलॅसिसचा दमट थर तळाशी आणि पीठ, साखर व लोण्याचा भुगा वर, अशी त्याची घडण असते. तो बराच गोड असल्यामुळे सोबत बिनसाखरेची कॉफी हवी. चाऊचाऊ हे शेंगा, फ्लॉवर, मका इत्यादींचे व्हिनेगर-साखरेतील लोणचे शाकाहारी मंडळींना आवडेल. पायच्या पारीत मात्र परंपरेने डुकराची चरबी वापरतात, म्हणून ती न खाणाऱ्यांनी विकत घेण्याआधी विचारून घ्यावे. काही गाळे आमिश या जुन्या वळणाची साधी राहणी जपणाऱ्या ख्रिस्ती पंथातील कुटुंबांचे आहेत. त्यांना छायाचित्रे काढलेली आवडत नाहीत. पाहुण्यांनी एवढा मान राखलाच पाहिजे.

बाजारातून बाहेर पडताच पेन स्क्वेअर लागतो. ब्रिटिश फौजांमुळे फिलाडेल्फिया सोडावे लागलेल्या काँग्रेसची, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधिसभेची, बैठक २७ सप्टेंबर १७७७ रोजी येथील न्यायालयात झाली आणि लँकेस्टर एका दिवसापुरते अमेरिकेची राजधानी ठरले. चौकातले आजचे सैनिक-स्मारक १८७४ सालचे आहे.

काउंटीतील रस्त्यांचा इतिहासही बाजाराशी जोडलेला आहे. धान्य आणि माल कोनेस्टोगा या घोड्यांनी ओढायच्या मोठ्या मालगाड्यांतून फिलाडेल्फियाला जात असे आणि ही वाहतूक सोयीची व्हावी म्हणून १७९० च्या दशकात ६२ मैलांचा, खडी घातलेला टोलरस्ता बांधला गेला. पुढे लिंकन महामार्ग आणि यूएस ३० आले. परतताना मात्र राज्यमार्ग ३४० घ्यावा. बर्ड-इन-हँड या गावाच्या आसपास शेते थेट रस्त्याला भिडतात आणि घोड्यांच्या बग्ग्या कडेने चालतात. गाडी सावकाश चालवावी, हॉर्न वाजवू नये. हाताशी वेळ असल्यास उत्तरेकडील लिटिट्झमध्ये १८६१ सालची प्रेट्झेलची (पीळ घातलेल्या खाऱ्या पावाची) बेकरी पाहता येते आणि त्यापुढे इफ्राटा येथे १७३२ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन धर्मपंथाच्या उभ्या छपरांच्या लाकडी इमारती आहेत. एकाच दिवसात दोन्ही उरकण्यापेक्षा इफ्राटा निवांत पाहावे, असे मी सुचवेन.

सेंट्रल मार्केट मंगळवारी, शुक्रवारी आणि शनिवारी भरते. शनिवारी गर्दी फार असते, त्यामुळे लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी मंगळवारची सकाळ निवडावी आणि गाडी जवळच्या सार्वजनिक पार्किंग इमारतीत लावून चालत यावे.