क्रिस्टल रिपोर्ट्स आणि एसक्यूएल सर्व्हर: ओडीबीसी घ्यावं की ओएलई डीबी?

क्रिस्टल रिपोर्ट्स या रिपोर्ट बनवायच्या प्रोग्रॅममध्ये 'डेटाबेस एक्स्पर्ट' ही खिडकी उघडली की 'क्रिएट न्यू कनेक्शन'खाली डेटाबेसला जोडणारे ओडीबीसी आणि ओएलई डीबी हे दोन्ही पर्याय दिसतात, आणि बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी जो चालला तोच पुढे सगळ्या रिपोर्टांत राहतो. वेगासाठी या निवडीवर डोकं खपवण्यात अर्थ नाही. क्वेरी तीच असेल तर माझ्या अनुभवात जाणवण्याइतका फरक पडत नाही. रिपोर्ट संथ असेल तर बहुधा रेकॉर्ड सिलेक्शनची (कोणत्या नोंदी घ्यायच्या ती) अट सर्व्हरवर न जाता क्लायंटवर चालत असते. खरा फरक दिसतो तो कनेक्शन तुटल्यावर. कुठल्या मशीनवर जायचं, काय उघडून पाहायचं आणि समोरच्या त्रुटीवर किती विश्वास ठेवायचा, हे या निवडीवर ठरतं.

ओडीबीसीने जोडलेल्या रिपोर्टमध्ये साठतं ते डीएसएनचं (मशीनवर ठेवलेल्या जोडणीच्या नोंदीचं) नाव, डेटाबेसचं नाव आणि युजर. सर्व्हर कोणता, ही माहिती रिपोर्टबाहेर, ज्या त्या मशीनच्या रजिस्ट्रीत राहते. ओएलई डीबीत प्रोव्हायडर (डेटाबेसशी बोलणारा घटक), सर्व्हर आणि डेटाबेस ही तिन्ही नावं रिपोर्टमध्येच असतात, आणि प्रत्येक सबरिपोर्ट (रिपोर्टच्या आतला रिपोर्ट) आपली वेगळी नोंद बाळगतो. पासवर्ड दोन्हींत फाइलमध्ये जात नाही.

ओडीबीसीची सगळ्यात मोठी जमेची बाजू सर्व्हर बदलताना कळते. डेटाबेस नव्या मशीनवर हलवला की डीएसएनमध्ये सर्व्हरचं नाव बदलायचं, एकाही रिपोर्टला हात लावावा लागत नाही. ओएलई डीबीत हेच काम 'सेट डेटासोर्स लोकेशन'मधून रिपोर्टागणिक करावं लागतं, सबरिपोर्टांचं वेगळं. मात्र ओडीबीसीचा हा फायदा डेटाबेसचं नाव तेच राहिलं तरच मिळतो. चाचणीच्या आणि चालू डेटाबेसची नावं वेगळी असतील तर डीएसएनमधला 'डिफॉल्ट डेटाबेस' बदलून भागत नाही, कारण रिपोर्ट आपल्याकडे साठवलेलंच नाव मागतो. टेबलच्या गुणधर्मांत 'ओव्हररिडन क्वालिफाइड टेबल नेम' असतं, तिथे डेटाबेसचं नाव गाळून फक्त स्कीमा आणि टेबल एवढंच ठेवलं तर पुढचा त्रास पुष्कळ कमी होतो. ही सोय दोन्ही पर्यायांत आहे आणि ती सहसा कोणी वापरत नाही.

डीएसएन दोनदा असतो

६४-बिट विंडोजवर ओडीबीसी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दोन असतात आणि दोघांची सिस्टिम डीएसएनची नोंद वेगळी असते. फोल्डरांची नावं नेमकी उलटी आहेत: सिस्टिम३२ मधला ६४-बिट, सिसवाऊ६४ मधला ३२-बिट, आणि फाइलचं नाव दोन्हीकडे एकच. विंडोज ८ पासून यादीत 'प्लॅटफॉर्म' हा रकाना दिसतो, त्यामुळे डोळ्यांना थोडी मदत होते. ड्रायव्हरचा ६४-बिट इन्स्टॉलर साधारणपणे दोन्ही रूपं बसवतो. दोनदा बनवावा लागतो तो डीएसएन.

आता क्रिस्टल. २०१६ पर्यंतचा डिझायनर ३२-बिट आहे, २०२० चा ६४-बिट. व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ पर्यंत स्वतः ३२-बिट होता. तुमचं अ‍ॅप्लिकेशन 'एनी सीपीयू' असेल आणि 'प्रेफर ३२-बिट'वर खूण नसेल तर ते ६४-बिट चालतं. आयआयएसमध्ये (विंडोजच्या वेब सर्व्हरमध्ये) हे अ‍ॅप्लिकेशन पूलच्या 'एनेबल ३२-बिट अ‍ॅप्लिकेशन्स'वर ठरतं. म्हणजे डिझायनरमधला प्रिव्ह्यू एका नोंदीतून येतो आणि युजरसमोरचा रिपोर्ट दुसऱ्या. दुसरीकडे डीएसएन नसेल तर आयएम००२ येतं: डेटा सोर्सचं नाव सापडलं नाही. नावाचा डीएसएन आहे पण ड्रायव्हरचा बिटांचा मेळ नाही, तर आयएम०१४. युजर डीएसएन दोन्हीकडे दिसतो म्हणून सोपा वाटतो, पण तो फक्त त्या लॉगिनपुरता असतो. सर्व्हिस किंवा आयआयएस पूल दुसऱ्या खात्यावर चालत असेल तर त्याला तो दिसतच नाही.

विझार्डमधलं 'टेस्ट सक्सेसफुल'सुद्धा जपून घ्यावं. तिथे दिलेला एसक्यूएल लॉगिनचा पासवर्ड डीएसएनमध्ये साठत नाही, त्या चाचणीपुरताच वापरला जातो. त्यामुळे चाचणी पास आणि रिपोर्टला १८४५६ (लॉगिन नाकारल्याची त्रुटी), हे एकाच वेळी खरं असू शकतं.

हा सगळा घोळ निदान ओरडून सांगतो तरी. माझा कौल ज्याने ठरवला तो गप्प राहणारा आहे. सर्व्हर बदलला, ३२-बिट डीएसएन नव्याकडे वळवला, ६४-बिट राहून गेला आणि जुना सर्व्हर अजून चालू आहे. किंवा पाच मशीनपैकी एक राहिलं. रिपोर्ट उघडतो, त्रुटी येत नाही, आणि आकडे जुन्या डेटाबेसचे येतात. स्टोअरवाला आपला साठा बरोबर म्हणतो, अकाउंट्सवाला आपला, आणि दोघांच्या हातातल्या कागदावर रिपोर्टचं नाव तेच असतं. कनेक्शनवर संशय घ्यायला कारणच मिळत नाही. रिपोर्टच्या फाइलमध्ये काही शोधून उपयोग नाही, कारण तिथे सर्व्हरचं नाव लिहिलेलंच नसतं.

ओएलई डीबीत चुकीचा सर्व्हर असेल तर तो सगळ्या मशीनवर सारखाच चुकीचा असतो. 'सेट डेटासोर्स लोकेशन' उघडून गुणधर्मांची ओळ पाहिली की नाव समोर दिसतं, आणि हे आपल्या टेबलावर बसून करता येतं.

ओडीबीसीवरच राहायचं असेल तर एक गोष्ट आवर्जून करावी: एसक्यूएल एक्स्प्रेशन फील्डमध्ये @@सर्व्हरनेम घेऊन ते फूटरमध्ये बारीक अक्षरात छापावं. रिपोर्ट स्टोअर्ड प्रोसिजर किंवा कमांडवर असेल तर एसक्यूएल एक्स्प्रेशन मिळत नाही, तेव्हा तोच रकाना क्वेरीत वाढवावा. सर्व्हरच्या बाजूने पाहायचं तर सिस्टिम व्ह्यू डीएम_एक्झेक_सेशन्समध्ये कोणत्या मशीनवरून, कोणत्या प्रोग्रॅमने आणि कुठल्या इंटरफेसने लॉगिन केलंय ते दिसतं. जुन्या सर्व्हरवर ही यादी पाहिली की मागे राहिलेली मशीन लगेच सापडतात.

ओएलई डीबीही सरळ नाही

प्रोव्हायडरचं नाव रिपोर्टमध्ये कोरलं जातं, ही त्याची दुखरी बाजू. नेटिव्ह क्लायंट ११ या जुन्या प्रोव्हायडरवर केलेला रिपोर्ट तो नसलेल्या मशीनवर उघडत नाही, आणि एसक्यूएल सर्व्हर २०२२ पासून नेटिव्ह क्लायंट सोबत येत नाही. विंडोजबरोबर येणारा जुना एसक्यूएलओएलईडीबी सगळीकडे सापडतो म्हणून मोह होतो, पण तो नव्या कामासाठी घेऊ नये. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ओएलई डीबी बंद करण्याचं जाहीर केलं होतं, २०१७ मध्ये तो निर्णय फिरवला आणि २०१८ मध्ये एमएसओएलईडीबीएसक्यूएल हा नवा प्रोव्हायडर आणला. घ्यायचा तर हा. त्याची १९ वी आवृत्ती वेगळ्या नावाने नोंदली जाते, त्यामुळे १८ वर केलेला रिपोर्ट १९ ला आपोआप ओळखत नाही. दोन्ही आवृत्त्या एका मशीनवर शेजारी शेजारी बसतात.

प्रोव्हायडर बदलताना तारखांकडे खास लक्ष हवं. एसक्यूएल सर्व्हर २००८ मध्ये आलेले 'डेट' आणि 'डेटटाइम२' हे प्रकार एसक्यूएलओएलईडीबीला आणि 'एसक्यूएल सर्व्हर' नावाच्या जुन्या ओडीबीसी ड्रायव्हरला कळत नाहीत; क्रिस्टलमध्ये ते रकाने मजकूर म्हणून येतात. मग कोणीतरी तो मजकूर तोडून तारीख बनवणारे फॉर्म्युले लिहिलेले असतात. नवा प्रोव्हायडर खरी तारीख देतो आणि तेच फॉर्म्युले 'इथे स्ट्रिंग हवी' म्हणून अडतात. हा बिघाड कनेक्शनचा वाटतो, पण नसतो.

सर्व्हर बदलण्याच्या कटकटीवर ओएलई डीबीत बऱ्यापैकी उतारा आहे: रिपोर्टमध्ये मशीनचं खरं नाव न घालता डीएनएसमधलं (नेटवर्कवरच्या नावांच्या यादीतलं) टोपणनाव घालावं. पुढे सर्व्हर हलला तर एकाच ठिकाणी बदल. एसक्यूएलचं क्लायंट अलायस (प्रत्येक मशीनवर ठेवलेलं टोपणनाव) मात्र टाळावं, कारण त्याचीही ३२ आणि ६४-बिट नोंद वेगळी असते आणि आपण पुन्हा तिथेच येऊन पोचतो.

दोघांनाही लागू असलेलं

ओडीबीसी ड्रायव्हर १८ आणि ओएलई डीबी १९ यांत एन्क्रिप्शन मुळातच सक्तीचं आहे. सर्व्हरवर स्वतः बनवलेलं सर्टिफिकेट असेल तर 'विश्वासू नसलेल्या संस्थेने दिलेली प्रमाणपत्र साखळी' अशा आशयाची त्रुटी येते. 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट' चालू केलं की काम सुरू होतं, पण समोरचा सर्व्हर खरा कोणता याची पडताळणी त्याने सुटते. योग्य सर्टिफिकेट बसवणं बरं. टोपणनाव वापरत असाल तर ते सर्टिफिकेटमधल्या नावांत हवं. उलट, सर्व्हरवर जुनं टीएलएस (एन्क्रिप्शनची पद्धत) बंद केल्यावर जुन्या ड्रायव्हरला 'एसएसएल सिक्युरिटी एरर' येते. तिथे पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून काही होत नाही, ड्रायव्हर बदलावा.

'सर्व्हर सापडला नाही' म्हटलं की आधी पोर्ट. एसक्यूएल सर्व्हरच्या एक्सप्रेस आवृत्तीत टीसीपी मुळात बंद असतं आणि नेम्ड इन्स्टन्सचा (वेगळं नाव देऊन बसवलेल्या प्रतीचा) पोर्ट बदलता असतो; तो सांगणारी ब्राउझर सर्व्हिस यूडीपी १४३४ वर बसते आणि फायरवॉल बहुधा तिलाच अडवते. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी चालू करून 'आयपी ऑल'खालचा डायनॅमिक पोर्ट रिकामा करावा, १४३३ घालावा आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करावी. रिपोर्टमध्ये सर्व्हरचं नाव, स्वल्पविराम, पोर्ट असं लिहावं. कोलन चालत नाही.

१८४५६ आलं तर नेटवर्क ठीक आहे. क्लायंटला स्टेट नेहमी १ दिसतं, खरा आकडा सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये असतो: ५ म्हणजे असा लॉगिनच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला, ३८ म्हणजे मागितलेला डेटाबेस उघडता आला नाही, ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज लॉगिन घेतो.

क्रिस्टल बाजूला ठेवून नुसता प्रोव्हायडर तपासायला रिकाम्या टेक्स्ट फाइलचं एक्स्टेन्शन यूडीएल करून ती डबल-क्लिक करावी. पण ती ६४-बिट उघडते. ३२-बिटसाठी सिसवाऊ६४ मधल्या रनडीएलएल३२ मार्फत उघडावी लागते.

पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल असेल तर मी ओडीबीसीच घेईन, तिथले ड्रायव्हर त्याच वाटेचे आहेत. रिपोर्ट मोजके, मशीन एक-दोन आणि सर्व्हर वरचेवर हलणारा असेल तरी ओडीबीसी वाईट नाही. पण एसक्यूएल सर्व्हर, अनेक मशीन आणि त्याच रिपोर्टवर निर्णय घेणारे दोन-तीन विभाग असतील, तर मी ओएलई डीबीकडे झुकेन.

बदल करताना रिपोर्टची प्रत घ्यावी, 'सेट डेटासोर्स लोकेशन'मध्ये मुख्य रिपोर्ट आणि प्रत्येक सबरिपोर्ट अपडेट करावा, मग 'व्हेरिफाय डेटाबेस' चालवून तारखांचे रकाने आणि एकूण बेरीज जुन्या छापील प्रतीशी ताडून पाहावी. जुना डीएसएन काढण्याआधी एक्सेल किंवा दुसरं काही त्यावर चालत नाही ना, हे बघून दोन्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटरमध्ये त्याचं फक्त नाव बदलावं. एखादा सबरिपोर्ट राहून गेला असेल तर तो आता आयएम००२ देऊन सापडेल, आणि गरज पडली तर नाव परत फिरवून त्या दिवसाचं काम चालू ठेवता येईल.