बीफ रिब्ज आणि बटाटे: पातेलं, कुकर की स्लो कुकर?

मांसाकडे बघून भांडं निवडलं जातं. माझ्या मते ते बटाट्याकडे बघून निवडावं. रिब्ज तिन्हींत मऊ होतात. बिघडतो तो बटाटा.

रिब्जचं, म्हणजे बरगडीचं मांस चिवट असतं ते त्यातल्या कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनामुळे. त्याचं जिलेटिन व्हायला उष्णता लागते, तसा वेळही लागतो. भांडं कोणतंही घ्या, आधी तुकडे कोरडे पुसून, मीठ लावून, थोड्या तेलात सगळ्या बाजूंनी खरपूस परतायचे. एकदम सगळे टाकले की पाणी सुटतं आणि मांस परतायच्या ऐवजी उकडतं. इथे घाई केलीत, तर पुढे कशात शिजवता याला फार अर्थ उरत नाही.

जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या पातेल्यात मांस निम्मं बुडेल इतकंच पाणी किंवा स्टॉक (हाडं उकळून काढलेलं पाणी) घालायचा. 150 ते 160 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये अडीच-तीन तास लागतात. गॅसवर ठेवलंत तर आच इतकी मंद हवी की एखाद-दुसरा बुडबुडाच वर यावा. वेळ जातो खरा, पण झाकण उघडून सुरी टोचून बघता येते आणि शेवटची 40-45 मिनिटं उरली की बटाटे टाकता येतात. रस्साही हळूहळू आटून दाट होतो.

प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाबाला तापमान साधारण 120 अंशांपर्यंत जातं, म्हणून 45-50 मिनिटांत काम होतं. शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा. कुकरचा दाब आपोआप उतरू द्या. वाफ झटकन काढली की आतला रस्सा उसळतो आणि मांस कोरडं पडतं. बटाटे सुरुवातीलाच मांसाबरोबर घालण्याचा उद्योग मी केलाय. उघडलं तर रस्सा दाट झालेला, बटाटे बेपत्ता! म्हणून दाब उतरल्यावर झाकण काढायचं, बटाटे घालायचे आणि उघड्यावरच वीस-पंचवीस मिनिटं शिजवायचे. कुकरात पाणी फारसं आटत नसल्याने रस्सा पातळ राहतो, तोही तेवढ्यात जमून येतो. घाईच्या दिवशी मी हेच करते.

स्लो कुकरला, म्हणजे तासन्‌तास मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याला, मंद सेटिंगवर आठेक तास द्यावे लागतात. आच इतकी मंद असल्याने इथे मात्र बटाटे पहिल्यापासून, तळाशी. परतायला पॅन वेगळा लागतो आणि रस्सा शेवटी वेगळा आटवावा लागतो. दिवसभर घराबाहेर असाल तरच घ्या.

बटाटा पिठूळ नको, शिजल्यावर घट्ट राहणारा हवा. फोडी मोठ्या करा. टोमॅटो किंवा वाइन भरपूर असेल तर आंबटपणामुळे बटाटा उशिरा मऊ होतो, तेव्हा थोडी जास्त मिनिटं धरा.

पाहुणे यायचे असतील तर मी पातेलंच काढते, आणि तेही आदल्या दिवशी. रिब्जना चरबी पुष्कळ सुटते. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की ती वर थिजते आणि चमच्याने सहज उचलता येते. बटाटे दुसऱ्या दिवशी, गरम करताना. उरलेलं फ्रीझरमध्ये ठेवणार असाल तर बटाटे आधी वेचून खाऊन टाका, गोठवल्यावर ते रवाळ होतात.